खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंत: रुबेन अमोरिम यांची वाट समोर ठेवून सांगली-मिरजेच्या खेळाडूंसाठी मार्गदर्शन

सांगली, मिरज आणि सातारा या पट्ट्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचा खेळ बहुधा दोन ठिकाणी थांबतो. पहिला थांबा दहावीच्या वर्षाचा असतो. त्यातून जो निभावतो, त्याचा खेळ नोकरी लागल्यावर, संसार मागे लागल्यावर किंवा गुडघा दुखावल्यावर सुटतो. या दुसऱ्या थांब्यावर पोहोचलेल्या खेळाडूकडे दहा-पंधरा वर्षांत मैदानावर मिळवलेली समज असते आणि ती पुढच्या मुलांना द्यावी अशी इच्छाही असते. मात्र त्यासाठी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणारे त्याला सहसा कोणी भेटत नाही. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून पोर्तुगालचे रुबेन अमोरिम निवडण्याचे कारण असे की, त्यांची कारकीर्द आपल्याकडच्या खेळाडूला उपयोगी पडेल अशा टप्प्यांनी गेलेली आहे. ते पहिल्या रांगेतले तारांकित खेळाडू नव्हते, दुखापतींनी त्यांना अनेकदा बाहेर बसवले, प्रशिक्षक म्हणून त्यांनी तिसऱ्या श्रेणीतल्या संघापासून सुरुवात केली आणि परवान्याच्या बाबतीत त्यांना जो त्रास झाला तो तर आपण प्रत्येकाने डोळ्यांत तेल घालून वाचावा असा आहे. माझे सांगणे एवढेच आहे की, प्रशिक्षक होण्याची तयारी बूट उतरवण्याच्या आधी सुरू झाली पाहिजे, आणि परवाना व संघ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाती घेतल्या पाहिजेत.

आधी कारकीर्द नीट वाचा

अमोरिम यांचा जन्म २७ जानेवारी १९८५ रोजी लिस्बन येथे झाला. बेलेनेन्सेस या लिस्बनच्याच क्लबकडून ते वरिष्ठ पातळीवर खेळू लागले आणि २००८ मध्ये बेनफिकाकडे गेले. मधल्या फळीत, उजव्या बाजूला, गरज पडली तर उजवा बचावपटू म्हणूनही ते खेळत असत. बेनफिकाबरोबर त्यांनी २००९-१०, २०१३-१४ आणि २०१४-१५ या तीन हंगामांत पोर्तुगीज साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. मध्यंतरी ते उसनवारीवर ब्रागाकडे खेळले. पोर्तुगालसाठी त्यांनी १४ सामने खेळले आणि २०१० व २०१४ या दोन्ही विश्वचषकांच्या संघांत त्यांचा समावेश होता. २०१४-१५ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच गुडघ्याच्या लिगामेंटची गंभीर दुखापत झाली, त्यानंतर कतारमधील अल वक्रा क्लबकडे एक हंगाम झाला, आणि २०१७ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांनी खेळणे थांबवले.

या माहितीतून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एका खेळाडूने मैदानावरच्या चार वेगवेगळ्या जागा आतून पाहिल्या असतील, तर सामना त्याला अधिक पूर्ण दिसतो. म्हणून खेळण्याची शेवटची दोन-तीन वर्षे शिल्लक असतील, तर तुमच्या प्रशिक्षकांना सांगून सरावात तरी वेगळ्या जागेवर खेळावे. आयुष्यभर विंगवर धावलेल्या माणसाने काही महिने मधल्या बचावपटूच्या जागेवरून सराव केला की, चेंडू गमावल्यावर आपल्या पाठीमागे किती मोठी जागा उघडी पडत होती हे त्याला प्रथमच कळते. दुसरी गोष्ट बाकावर बसण्याची. दुखापत झालेला खेळाडू आपल्याकडे घरी बसतो आणि सामना संपल्यावर निकाल विचारतो. त्याने मैदानावर यावे, प्रशिक्षकांच्या शेजारची जागा धरावी आणि ते कोणत्या मिनिटाला काय बोलतात, कोणाला बोलतात आणि त्यानंतर मैदानावर काही बदलते का, याकडे लक्ष द्यावे.

यासाठी वही ठेवा. प्रत्येक सामन्यानंतर त्याच रात्री तीन प्रश्नांची उत्तरे लिहा: प्रतिस्पर्ध्याला आपल्या संघात मोकळी जागा कुठे सापडली, आपल्या प्रशिक्षकांची कोणती सूचना लागू पडली, आणि मला स्वतःला सामन्यातले काय समजले नाही. तिसरे उत्तर टाळू नये, कारण पुढे अभ्यासाला दिशा तेच देते. सामने पाहण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. मिरजेपासून तास-दीड तासाच्या अंतरावर कोल्हापूरचे शाहू स्टेडियम आहे, तिथे हंगामात तालीम मंडळांचे संघ हजारो प्रेक्षकांसमोर खेळतात. तिथे गेल्यावर अर्ध्या तासासाठी चेंडूवरची नजर काढून एकाच खेळाडूवर, शक्यतो बाजूच्या बचावपटूवर, ठेवावी. चेंडू पलीकडे असताना तो कुठे उभा राहतो, कधी आत सरकतो, कोणाला हाक मारतो, हे पाहणे सुरुवातीला कंटाळवाणे वाटते, पण प्रशिक्षकाची नजर तयार होते ती याच सवयीतून.

परवाना आधी, पद नंतर

२०१८ मध्ये अमोरिम यांनी लिस्बनच्या कासा पिया या क्लबची जबाबदारी घेतली. हा क्लब तेव्हा पोर्तुगालच्या तिसऱ्या श्रेणीत होता. अमोरिम यांच्याकडे मुख्य प्रशिक्षकासाठी लागणारा परवाना नव्हता, ते प्रशिक्षणार्थी होते, आणि तशा स्थितीत त्यांनी सामन्यात संघाला सूचना दिल्या म्हणून पोर्तुगीज फुटबॉल महासंघाने कारवाई केली. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी पद सोडले. क्लबने मात्र त्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळवला, म्हणजे संघ योग्य दिशेने चालला होता आणि तो घडवणारा माणूस कागदाअभावी बाजूला झाला होता. पुढे ब्रागा आणि स्पोर्टिंग या मोठ्या क्लबांकडे गेल्यावरही सर्वोच्च परवाना पूर्ण होईपर्यंत कागदोपत्री मुख्य प्रशिक्षक म्हणून दुसऱ्याच व्यक्तीचे नाव लावावे लागले आणि पोर्तुगालमधील प्रशिक्षकांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला. या आक्षेपात तथ्य होते असे माझे मत आहे, कारण वर्षानुवर्षे अभ्यासक्रम पूर्ण करून परवाना मिळवणाऱ्या इतरांवर अशी पळवाट हा अन्यायच होता.

आपल्याकडे रचना अशी आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना ही नव्या प्रशिक्षकासाठी प्रवेशाची पायरी असून त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यानंतर ‘सी’, पुढे आशियाई महासंघाच्या रचनेतील ‘बी’ आणि ‘ए’, आणि सर्वांत वर ‘प्रो’ परवाना येतो. महाराष्ट्रात हे प्राथमिक अभ्यासक्रम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, या राज्य संघटनेच्या माध्यमातून होतात. शुल्क, जागांची संख्या आणि पात्रतेच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून ओळखीच्या माणसाने सांगितलेल्या जुन्या माहितीवर न विसंबता महासंघाच्या आणि विफाच्या संकेतस्थळांवरची ताजी सूचना वाचावी, आणि आपल्या जिल्हा संघटनेला भेटून तुमचे नाव इच्छुकांच्या यादीत आहे याची खात्री करावी. अभ्यासक्रम सांगलीतच होईल याची वाट पाहत बसू नये. मुंबईत किंवा पुण्यात झाला तरी मिरज जंक्शनवरून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून सकाळी मुंबईत पोहोचता येते. नोकरी करणाऱ्याने त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच रजा राखून ठेवावी.

अभ्यासक्रमाला जाण्यापूर्वी तीन तयाऱ्या कराव्यात. खेळाचे नियम पुस्तकातून वाचावेत, कारण दहा वर्षे खेळलेल्या खेळाडूंनाही ऑफसाइड आणि हाताला चेंडू लागण्याचे नियम अर्धवट माहीत असतात. एखाद्या शाळेच्या संघाबरोबर काही आठवडे मदतनीस म्हणून काम करून मुलांसमोर बोलण्याची सवय लावावी, कारण परीक्षेत तुम्हाला प्रत्यक्ष सराव घेऊन दाखवायचा असतो. आणि प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे. परवाना मिळाल्यावर तो घडी करून कपाटात ठेवू नये; पुढच्या पायरीसाठी तुम्ही मधल्या काळात प्रत्यक्ष काम केले आहे का, हे पाहिले जाते, म्हणून घेतलेल्या प्रत्येक सरावाचा आराखडा तारखेसह जपून ठेवावा.

अमोरिम यांनी परवान्याच्या बाहेरही शिक्षण घेतले. खेळणे थांबवल्यावर त्यांनी लिस्बन विद्यापीठात वरच्या दर्जाच्या फुटबॉल प्रशिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला आणि त्याच ओघात मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबमध्ये तेव्हाचे प्रशिक्षक जोसे मॉरिन्हो यांचे काम आठवडाभर जवळून पाहिले. आपल्याकडे याला जवळचा मार्ग म्हणजे शारीरिक शिक्षणातील बी.पी.एड. ही पदवी किंवा पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका. ज्याला शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून कायमची नोकरी हवी आहे, त्याने बी.पी.एड. टाळू नये. एकट्या फुटबॉल परवान्यावर ती नोकरी मिळत नाही.

मोठे खेळाडू नसाल तर

पोर्तुगालमध्ये याचीही उदाहरणे आहेत. मॉरिन्हो स्वतः खेळाडू म्हणून फारसे पुढे गेले नाहीत. त्यांचे वडील फेलिक्स हे नावाजलेले गोलरक्षक होते, पण मुलाने लिस्बनमध्ये शारीरिक शिक्षणाचा अभ्यास केला, काही काळ शाळांत शिकवले, आणि १९९२ मध्ये स्पोर्टिंगमध्ये इंग्रज प्रशिक्षक बॉबी रॉब्सन यांचे दुभाषी म्हणून काम धरले. रॉब्सन यांच्यामागोमाग ते पोर्तोला आणि बार्सिलोनाला गेले, प्रतिस्पर्धी संघांचे तपशीलवार अहवाल लिहू लागले, आणि २००४ मध्ये पोर्तोला युरोपातील चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. कार्लोस केरोझ यांचेही नाव खेळाडू म्हणून नव्हते, तरी त्यांच्या हाताखाली पोर्तुगालच्या कुमार संघाने १९८९ आणि १९९१ अशा लागोपाठ दोन जागतिक स्पर्धा जिंकल्या. तालुक्याच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकाने या दोघांची नावे लक्षात ठेवावीत. तुमच्या हाताशी रोज शंभर मुले असतात, आणि प्रशिक्षक व्हायला मुलेच लागतात.

पहिला संघ कोणता घ्यावा

पहिला संघ लहान मुलांचा घ्यावा, बारा किंवा चौदा वर्षांखालील. वरिष्ठ संघात तुमच्याबरोबर खेळलेले मित्र असतात, आणि काल ज्याच्या खांद्यावर हात टाकून चहा घेतला त्याला आज राखीव खेळाडूंत बसवणे फार अवघड जाते. लहान मुले तुम्हाला ‘सर’ म्हणतात, तुमचे ऐकतात आणि त्यांच्यात चार महिन्यांत बदल दिसतो, त्यामुळे तुमची पद्धत बरोबर आहे की नाही हेही लवकर कळते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात व त्यांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून त्यांचे वेळापत्रक जूनमध्येच मिळवून वर्षाचा आराखडा त्याभोवती बांधावा.

आराखड्यात आपल्या भागाचे वास्तव धरावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची सखल मैदाने पाण्याखाली जाऊ शकतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी ते दाखवून दिले आहे. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी मुलांना मैदानावर उतरवणे धोक्याचे आहे, तेव्हा सराव सकाळी साडेसहाला सुरू करून आठच्या आत संपवावा. साताऱ्यातील शाहू क्रीडा संकुल असो किंवा एखाद्या शाळेचे मुरमाचे मैदान, फुटबॉलला पूर्ण जागा रोज मिळेल असे गृहीत धरू नये. क्रिकेटची मुले, फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक आणि अधूनमधून सभा-समारंभ यांच्याशी ती वाटून घ्यावी लागते. फेब्रुवारीपासून परीक्षा सुरू होतात. दहावीच्या मुलाला ‘वर्षभर येऊ नकोस’ असे सांगण्यापेक्षा त्याच्यासाठी आठवड्यातून एकच दिवस, तासाभराचा, ठरवून द्यावा आणि तो त्याच्या आई-वडिलांना भेटून सांगावा. धागा पूर्ण तुटला नाही तर मूल अकरावीत परत येते.

पहिली काही वर्षे या कामावर घर चालत नाही, हे घरच्यांना आणि स्वतःला स्पष्ट सांगितलेले बरे. चालू नोकरी सोडू नये. संध्याकाळचे दोन तास आणि रविवार एवढ्यात पहिला संघ उत्तम चालवता येतो.

आठवडा कसा बांधावा

पोर्तुगालने फुटबॉलला दिलेल्या गोष्टींत मला सर्वांत मोलाची वाटते ती आठवड्याची बांधणी. पोर्तो विद्यापीठातील प्राध्यापक वितोर फ्रादे यांनी मांडलेल्या आणि मॉरिन्होंसारख्या प्रशिक्षकांनी पुढे नेलेल्या या पद्धतीत दम, ताकद, कौशल्य आणि डावपेच वेगवेगळे शिकवले जात नाहीत. मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या आणि मग चेंडू हातात घ्यायचा, हा आपल्याकडचा प्रकार त्यात बसत नाही, कारण सामन्यात कोणीही सरळ रेषेत, विचार न करता, एकाच वेगाने धावत नाही. त्याऐवजी रविवारचा सामना धरून आठवड्यातील प्रत्येक दिवसाला एक स्वभाव दिला जातो: सामन्यानंतरचे दिवस विश्रांतीचे आणि सावरण्याचे, बुधवार लहान जागेत थोड्या खेळाडूंच्या झटापटीचा, गुरुवार मोठ्या जागेत जवळजवळ पूर्ण संघाच्या खेळाचा, शुक्रवार वेगाचा, आणि शनिवार अंग मोकळे ठेवण्यापुरता हलका. ताण बदलत राहतो, पण प्रत्येक दिवशी मुले तुमच्या संघाची खेळण्याची रीतच शिकत असतात.

आपल्या मुलांना आठवड्यातून तीन दिवस मिळतात असे धरले, तर मंगळवारी लहान जागा, गुरुवारी मोठी जागा आणि शनिवारी थोडक्यात वेगाचा सराव, अशी विभागणी मी सुचवतो. प्रत्येक आठवड्याला एकच प्रश्न हाती घ्यावा आणि तो मागच्या सामन्यातून निवडावा. समजा, प्रतिस्पर्धी अंगावर आला की आपले बचावपटू घाबरून चेंडू उंच मारतात आणि तो लगेच परत येतो. मग त्या आठवड्याचा प्रश्न ठरला: मागून चेंडू सुरक्षित बाहेर कसा काढायचा.

मंगळवारी १८ मुले आणि अर्धे मैदान हाताशी आहे असे समजू. सुरुवातीची २० मिनिटे ‘फिफा ११ प्लस’ या वॉर्म-अपला द्यावीत. धावणे, ताकद व तोल आणि पुन्हा धावणे अशा तीन भागांत १५ व्यायाम असलेला हा कार्यक्रम दुखापती कमी करण्यासाठीच तयार केलेला आहे, त्याला फारसे साहित्य लागत नाही, आणि अमोरिम यांच्या गुडघ्याची हकीकत वाचल्यावर तो टाळण्याचे धाडस कोणी करू नये. त्यानंतर १० मीटर बाजूच्या चौकोनांत पाच जणांनी चेंडू फिरवायचा आणि दोघांनी तो हिरावायचा. दोन मिनिटे खेळ, एक मिनिट विश्रांती, असे चार वेळा. सगळ्यांना एकाच वेळी खेळता यावे म्हणून दोन चौकोन आखावेत आणि गोलरक्षकांसह उरलेल्या चौघांना आलटून-पालटून आत घ्यावे.

मुख्य भाग यापुढे. सुमारे ४० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद जागेत एका टोकाला गोल मांडावा. गोलरक्षक, तीन बचावपटू आणि मधल्या फळीतले दोघे एका बाजूला, त्यांच्यावर चालून जाणारे तिघे दुसऱ्या बाजूला. चालून जाणाऱ्यांनी चेंडू हिरावून गोल करायचा. बचाव करणाऱ्यांनी पलीकडच्या टोकाला प्लास्टिकचे शंकू ठेवून केलेल्या दोन दारांपैकी एकातून जमिनीलगत पास काढायचा, तो त्यांचा गोल. चार मिनिटांचे चार डाव घ्यावेत आणि दोन डावांनंतर चालून जाणारा चौथा खेळाडू वाढवावा. बाकीच्या मुलांना रेषेबाहेर उभे करून ठेवू नये. त्यांच्यासाठी शेजारी लहान जागेत चार विरुद्ध चार खेळ लावावा आणि डावागणिक गट बदलावेत. शेवटची १५ मिनिटे आठ विरुद्ध आठ सामना खेळवावा आणि नियम एकच ठेवावा: आपल्या गोलरक्षकाच्या पायापासून सुरू झालेल्या चढाईतून झालेला गोल दोन धरला जाईल. हा नियम ऐकल्यावर मुले तुमच्या सूचनेशिवाय मागून खेळू लागतात.

या सर्व वेळात शिट्टी कमी वाजवावी. खेळ थांबवला, तर उत्तर सांगण्याआधी मुलाला विचारावे, “तू पास दिलास तेव्हा तुला दुसरा कोणता मोकळा दिसत होता?” मुलगा गप्प राहिला तर त्याला त्याच जागेवर उभे करून मान वळवायला सांगावी. आपल्या मैदानांवर मोठ्याने ओरडणाऱ्याला चांगला प्रशिक्षक मानतात, पण मुलांचे डोळे त्या ओरडण्यामुळे चेंडूकडून प्रशिक्षकाकडे वळतात.

गुरुवारी हाच प्रश्न मोठ्या जागेत, शक्य तर पूर्ण मैदानावर, लांब डावांत घ्यावा. शनिवारी तासाच्या आत काम संपवावे: थोडे वेगाचे धावणे, कॉर्नर आणि फ्री किकची उजळणी, आणि रविवारी कोण कुठे खेळणार याची स्पष्ट कल्पना.

स्वतःची रीत, आणि तिची मर्यादा

डिसेंबर २०१९ मध्ये अमोरिम ब्रागाच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले. अवघ्या १३ सामन्यांच्या त्या काळात, २५ जानेवारी २०२० रोजी, त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात पोर्तोला १-० असे हरवून लीग चषक जिंकला. मार्चमध्ये स्पोर्टिंगने १ कोटी युरो मोजून त्यांना घेतले. तेव्हा प्रशिक्षक म्हणून त्यांचा एकूण अनुभव फारच थोडा होता, आणि तरीही २०२०-२१ मध्ये स्पोर्टिंगने १९ वर्षांनंतर साखळी विजेतेपद मिळवले; साखळीच्या संपूर्ण हंगामात त्यांचा एकच पराभव झाला, तोही विजेतेपद निश्चित झाल्यावर बेनफिकाविरुद्ध. २०२३-२४ मध्ये पुन्हा विजेतेपद आले.

या संघांची मांडणी ३-४-३ अशी होती: मागे तीन बचावपटू, मधल्या फळीत चौघे, त्यांपैकी बाजूचे दोघे पूर्ण मैदानाची लांबी धावणारे, आणि पुढे तिघे. स्पोर्टिंगमध्ये बाजूच्या या जागांवर पेद्रो पोरो आणि क्लबच्याच अकादमीत वाढलेला, तेव्हा अठरा वर्षांचा नुनो मेंडेस होता, पुढे पेद्रो गोन्साल्व्हिस याने त्या हंगामात साखळीत सर्वाधिक २३ गोल केले. मांडणी आणि माणसे एकमेकांना शोभत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमोरिम मँचेस्टर युनायटेडकडे गेले, तिथे हंगाम अर्ध्यात होता, सरावाला पुरेसा वेळ नव्हता आणि चार बचावपटूंच्या पद्धतीसाठी जमवलेले खेळाडू हाती होते. त्यांनी ३-४-३ सोडली नाही. तो हंगाम संघाने प्रीमियर लीगमध्ये १५ व्या स्थानावर संपवला आणि युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून ०-१ अशी हार पत्करली. एवढ्यावरून त्यांची रीत चूक ठरवणे मला पटत नाही, परंतु रीत आधी आणि माणसे नंतर हा क्रम किती महाग पडू शकतो हे त्यातून दिसते.

शाळेच्या संघाला तर खेळाडू विकत घेता येत नाहीत. म्हणून मांडणी ठरवण्याआधी तुमच्या मुलांकडे पाहून काही गोष्टी तपासाव्यात. पूर्ण सामनाभर बाजूने वर-खाली धावू शकणारी दोन मुले आहेत का? नसतील तर ३-४-३ चा विचार सोडावा. पायाने खेळणारा गोलरक्षक आहे का? मैदान एवढे सपाट आहे का की जमिनीलगतचा दहा मीटरचा पास वाटेत उडणार नाही? मुरमाच्या खडबडीत मैदानावर मागून छोटे पास खेळण्याचा हट्ट धरला तर मुलांचा आत्मविश्वास जातो. अशा मैदानावर बचावपटूने चेंडू बाजूच्या मोकळ्या जागेत पुढे द्यावा आणि संघाने दुसऱ्या चेंडूसाठी, म्हणजे झटापटीतून सुटलेला चेंडू मिळवण्यासाठी, एकत्र वर सरकावे, हेही चांगले फुटबॉल आहे. पावसाळ्यात मैदान बंद असेल तेव्हा वर्गखोलीत फळ्यावर आणि चित्रफितींवर तास घ्यावेत, एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त चित्रफीत दाखवू नये.

दुखापत आणि घरची माणसे

गुडघ्याला पीळ बसून ‘कट’ असा आवाज आला, लगेच सूज आली किंवा पाय टाकता येईना, तर मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानावर उतरवू नये, चोळू देऊ नये, बर्फ लावून अस्थिरोग तज्ज्ञांकडे न्यावे. डोक्याला मार लागलेल्या मुलाबाबतही तेच: त्या दिवशीचा खेळ संपला. प्रत्येक मुलाच्या पालकांचा दूरध्वनी, रक्तगट आणि दमा किंवा फिट्‌स यांसारख्या त्रासाची नोंद पिशवीतल्या वहीत असावी. मुलींचा संघ असेल तर एखाद्या शिक्षिकेला किंवा पालक ताईला सोबत घेतल्याशिवाय बाहेरगावी जाऊ नये. पालकांशी महिन्यातून एकदा बोलावे, सामन्यानंतर लगेच नव्हे. त्या वेळी सगळ्यांचीच मने तापलेली असतात.

संघ सोडण्याची वेळ

चांगले काम केले तर पुढच्या दोन-तीन वर्षांत दुसरे बोलावणे येते: मोठी शाळा, पुण्याची अकादमी, एखादा क्लब. ते स्वीकारण्यात काही वावगे नाही. अमोरिम यांनी स्पोर्टिंग सोडले तेव्हा त्या हंगामातील साखळीचे अकराही सामने संघाने जिंकलेले होते. त्यांच्या जागी आलेले जोआव परेरा महिना-दीड महिनाच टिकले, संघ घसरला, आणि मग रुई बोर्जेस यांनी तो सावरून २०२४-२५ चे विजेतेपदही मिळवून दिले. मोठ्या क्लबला असा धक्का सोसतो. चौदा वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक हंगामाच्या मध्यात गेले, तर अर्धी मुले पुढच्या आठवड्यात येतच नाहीत.

म्हणून शक्यतो शालेय स्पर्धा संपल्यावरच संघ सोडावा, आणि निघण्याच्या किमान दोन महिने आधी तुमच्या जागी येणाऱ्याला, मग तो तुमचा मदतनीस असो वा संघातूनच वर आलेला एखादा वरिष्ठ खेळाडू, सराव घ्यायला लावून तुम्ही रेषेबाहेर उभे राहावे. त्याने अजून ‘डी’ परवान्यासाठी नाव नोंदवले नसेल, तर ते याच काळात करून घ्यावे. जाताना त्याच्या हाती सरावाच्या आराखड्यांची वही, हजेरी, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती, पालकांचे क्रमांक, दुखापतींच्या नोंदी, चेंडू आणि बिब्स (सरावात संघ ओळखण्यासाठी घालायचे रंगीत बंड्या) यांची यादी, आणि मैदानाच्या परवानगीचे पत्र कोणत्या महिन्यात नव्याने द्यावे लागते याची टिपण द्यावी.